सील लीक होतंय? आधी पंपाकडे बघा

पंपाखाली पाणी दिसलं की सोसायटीचा सेक्रेटरी असो नाहीतर प्लँटमधला शिफ्ट इंचार्ज, वाक्य ठरलेलं, "सील गेलं, नवीन टाका." नवीन टाकतात, तेही जातं, मग डीलरशी भांडण. मेंटेनन्समध्ये राहून माझं मत असं झालंय की सील आपणहून क्वचितच जातं, बहुतेक वेळा कोणीतरी ते घालवलेलं असतं.

शाफ्ट (पंप फिरवणारा दांडा) जिथून पंपाच्या बाहेर येतो तिथे फट ही राहणारच, ती अडवायलाच सील. पूर्वी तिथे ग्लँड पॅकिंगची दोरी भरायचे (अजूनही भरतात), ती थेंब थेंब गळायलाच लागते, गळती बंद करायला नट आवळत बसलात तर दोरी जळते आणि स्लीव्हला (शाफ्टवरच्या नळीला) चरे पडतात. मेकॅनिकल सीलचं गणित वेगळं, जात्याच्या दोन तळ्यांसारखं, एक फेस (सपाट चकतीचा पृष्ठभाग) शाफ्टबरोबर फिरतो, दुसरा पंपाला बोल्ट केलेल्या ग्लँड प्लेटमध्ये गप्प बसलेला, मागून स्प्रिंगचा दाब, फक्त मधे दळायचं काही नाही, तिथे त्याच लिक्विडची साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून पातळ फिल्म असते आणि तीच वंगणाचं काम करते. म्हणजे अगदी चांगलं सीलसुद्धा किंचित लीक होत असतं, ते बाहेर येईपर्यंत वाफ होऊन जातं म्हणून दिसत नाही इतकंच. हे फेस इतके सपाट लॅप केलेले (घासून सपाट केलेले) असतात की सपाटी लाईट बँडमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या पट्ट्यांवरून मोजतात, एक बँड म्हणजे जेमतेम 0.29 मायक्रॉन. आणि आपले फिटर त्यावर तेलकट अंगठा फिरवून "गुळगुळीत आहे साहेब" म्हणणार!

घरच्या मोनोब्लॉक पंपात (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर) एक फेस कार्बनचा, एक सिरॅमिकचा आणि रबर बेलो (घड्यांची नळी) असलेलं सील असतं, एकच मोठी स्प्रिंग, स्वस्त, स्वच्छ पाण्याला मस्त. खालची टाकी रिकामी झाली आणि पंप तसाच चालू राहिला की फिल्म संपते, फेस तापतात, आणि मग अचानक गार पाणी आलं की सिरॅमिकला तडा.

प्लँटमध्ये जास्त करून पुशर टाईप, म्हणजे स्प्रिंग फेसला पुढे ढकलत राहते. कार्बनचा फेस झिजेल तशी मागची ओ-रिंग (रबरी कडी) स्लीव्हवर पुढे सरकत राहिली पाहिजे, पण कॉस्टिक सोडा किंवा साखरेचा पाक असला की बाहेरच्या बाजूला खडे जमतात, ओ-रिंग अडकते, स्प्रिंग ढकलून ढकलून थकते आणि फेस उघडे पडतात. चिकट मालात बारीक बारीक स्प्रिंगांचं सील तर घेऊच नका, स्प्रिंगा चोंदतात. थर्मिक फ्लुइडसारख्या (उष्णता वाहून नेणाऱ्या) गरम तेलाला मेटल बेलो, म्हणजे धातूच्या घड्यांचं सील, त्यात सरकणारी ओ-रिंगच नाही, बेलोच स्प्रिंगचं काम करतो, पण त्याच्या पापुद्र्यासारख्या चकत्या प्रेशरला नाजूक.

प्रेशर साधारण 10 बारच्या वर गेलं की बॅलन्स्ड सील (ज्यात फेसवर लिक्विडचा दाब कमी येतो) घ्यायचं, नाहीतर लिक्विडचाच दाब फेस एकमेकांवर रगडून जाळतो.

विषारी किंवा पेट घेणारा माल असेल तर डबल सील, म्हणजे दोन सीलं, मधे एका पॉटमधून (छोट्या टाकीतून) येणारं स्वच्छ बॅरिअर फ्लुइड, त्याचं प्रेशर आतल्यापेक्षा एक-दोन बार जास्त ठेवायचं म्हणजे लीक झालंच तर स्वच्छ फ्लुइड आत जाईल, माल बाहेर येणार नाही. पॉटची लेव्हल उतरायला लागली की सील गळतंय समजायचं, पण ते लेव्हलचं मीटर बघतंय कोण? कार्ट्रिज सीलचा (सगळे भाग एकत्र जोडूनच येणाऱ्या सीलचा) फायदा हा की सेटिंग कारखान्यातूनच करून येतं, फक्त बसवून झाल्यावर सेटिंग क्लिपा काढून (बाजूला करून) मगच पंप चालू करायचा.

आणि काढलेलं सील लगेच भंगारात टाकू नका. टेबलावर ठेवून पुसून बघा. कडक फेसवर उठलेला चट्टा समोरच्या कार्बनच्या रुंदीपेक्षा जास्त रुंद असेल तर शाफ्ट डुलतोय, बेअरिंग आणि कपलिंग अलाइनमेंट तपासा, सील कितीही महागाचं आणा, तेच होणार. मधून बाहेर जाणारे केसासारखे तडे म्हणजे पंप कोरडा चालला किंवा फेसवरच वाफ झाली. ओ-रिंग फुगून मऊ पडली असेल तर मटेरियल चुकलंय. ईपीडीएम या रबराची ओ-रिंग पाण्याच्या लाईनला एकदम बरोबर, पण बसवताना सरकावी म्हणून तिला ग्रीस चोपडतात आणि तिथेच तिची वाट लागते, कारण ग्रीसमधलं मिनरल ऑइल तिला चालतच नाही. साबणाचं पाणी लावा, आरामात बसते.