घुमटासारखा फरक

कारखान्याला उद्या किती वीज लागणार ते पंधरा-पंधरा मिनिटांच्या 96 ब्लॉकमध्ये आदल्या दिवशी सांगायचं, हे माझं काम. त्या कारखान्याच्या छतावर 50 किलोवॅटचे चार सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज वापरण्याजोगी एसी करणारी यंत्रं) होते पण अंदाज काढणाऱ्या माझ्या कॉम्प्युटर मॉडेलला मिळायचे फक्त मेन मीटरचे आकडे, म्हणजे सोलर वापरून झाल्यावर ग्रिडकडून जेवढी घ्यावी लागली तेवढीच वीज.

एका सोमवारी आकाश एकदम स्वच्छ, तरी सकाळपासून अंदाज कमी पडत गेला, दुपारी तर फरक 40 किलोवॅटच्या आसपास. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, नवीन मशीन एकही लावलेलं नाही, तुमचं मॉडेलच बघा." मेन्टेनन्सच्या काकांना कॉम्प्रेसरचा संशय.

मग मी नुसत्या फरकाचा ग्राफ काढला आणि बघतच राहिले. रेष सकाळी हळूहळू चढलेली, भर दुपारी माथा, मग तशीच सावकाश उतरलेली, अगदी घुमट. कॉम्प्रेसर असं कधीच करत नाही, तो चालू झाला की रेष पायरीसारखी उभी चढते. घुमट काढतो तो सूर्यच!

काकांना घेऊन छतावर गेले. तीन इन्व्हर्टर गुणगुणत होते, हात लावला तर चांगलेच गरम, चौथा मात्र गार आणि स्क्रीनवर ग्रिड मिळत नसल्याचा फॉल्ट. त्याचा एसी ब्रेकर ट्रिप झालेला. काकांनी सप्लाय बंद करून बॉक्स उघडला तर एक लग, म्हणजे वायरच्या टोकाचा धातूचा जोड, सैल, काळा पडलेला, वायरचं इन्सुलेशन वितळून मागे सरकलेलं. काकांनी विचारलं, इन्व्हर्टर 50 चा मग फरक 40 चाच कसा? मी म्हटलं, पॅनेलचं रेटिंग 25 अंश तापमानावरचं असतं, भर उन्हात ते 60 च्या आसपास तापतं आणि दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के पॉवर जाते, शिवाय धूळ.

मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटली. मॉडेल दर आठवड्याला नव्याने ट्रेन व्हायचं, म्हणजे ताज्या आकड्यांवरून शिकायचं, अजून काही आठवडे गेले असते तर बंद इन्व्हर्टरलाच ते कारखान्याचा वाढलेला वापर समजलं असतं, अंदाज पुन्हा जुळले असते आणि छतावर कोणी गेलंच नसतं. त्याच संध्याकाळी इन्व्हर्टरचा डेटा मागून घेतला, आता मशीनचा वापर आणि सोलर यांचा अंदाज वेगवेगळा काढते, वजाबाकी शेवटी.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला काकांनी लग बदलून ब्रेकर वर केला. मी खाली स्क्रीनसमोर होते, पुढच्या ब्लॉकलाच फरक खाली आला.