लाकडी बैलाच्या उंचीवरून

तान्हा पोळ्याला नागपुरात पोरं लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा (खाऊ-पैशांची भेट) मागतात आणि त्याच दिवशी मारबतींची, म्हणजे वाईटाचं प्रतीक असलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी 1881पासून, पिवळी 1885पासून. त्या गर्दीत एका मुलीचा बैल हरवतो, एवढीच माझ्या अॅनिमेशन फिल्मची गोष्ट. लांबी चार मिनिटं.

पटकथेत नागपूरच्या जुन्या बाजारपेठेबद्दल 'इतवारीत तुफान गर्दी' लिहायला काय जातं? पण सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी 12 चित्रं, म्हणजे चार मिनिटांची 2880. आणि प्रत्येकात शंभर माणसं? कॅमेऱ्याने भरपूर शूट करून नंतर कापायची चैन अॅनिमेशनमध्ये परवडत नाही. कात्री आधीच चालवावी लागते.

म्हणून कॅमेरा खाली आणला, बैलाच्या उंचीवर. आता दिसतात फक्त पाय: घासलेल्या चपला, सायकलची चाकं, चिखलाने भरलेल्या पायजम्याची टोकं. काम निम्म्याहून कमी झालं आणि गर्दी उलट जास्त अंगावर यायला लागली. एकदाच बैल कलंडतो आणि वर पिवळी मारबत दिसते. ते एकच मोठं स्थिर चित्र, त्यावरून कॅमेरा हळूहळू सरकतो. माझ्या मते फिल्ममधला हाच सगळ्यात भारी शॉट, आणि सगळ्यात स्वस्तही.

नियम ठरवला होता की बैल स्वतः चालणार नाही. लाथ लागली, उतार आला, कुणी दोरी ओढली, तरच चाकं फिरणार.

स्टोरीबोर्डची (शॉटनुसार आधी काढलेली कच्ची) चित्रं वेळेनुसार जोडून अॅनिमॅटिक केलं. तात्पुरते आवाज मोबाइलवर मीच रेकॉर्ड केले, भर मे महिन्यात कूलर बंद करून. (नागपूरकरांना यातला त्याग कळेल.) मित्रांनी पाहिलं, 'मस्त आहे' म्हणाले. अशा मतांचा काडीचा उपयोग नसतो. भाचीला दाखवलं. अर्ध्यावरच तिने विचारलं, "मामा, याले घरी नाही जायचं का? काहूनच काही करून नाही राहिला?"

खरंच, बैलाला काय हवंय हे कुठेच दिसत नव्हतं. मग मधली दोन वळणं काढून टाकली. शेवटाकडे मुलगी शोधून थकते, पाठ फिरवते. तेवढ्या वेळी, अख्ख्या फिल्ममध्ये एकदाच, बैल आपलं पुढचं चाक स्वतः फिरवतो. ते करकरतं आणि ती वळून बघते.

अॅनिमॅटिक आता 3 मिनिटं 40 सेकंदांचं आहे. पुढचं काम बैलाची मॉडेल शीट. चारही बाजूंनी त्याचं माप पक्कं केल्याशिवाय एकही शॉट सुरू करणार नाही.