बेवारस

माझी आज्जी सोलापूरच्या सेटलमेंटात, तारेच्या कुंपणाच्या आत वाढली. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेली माणसं तिथं डांबली होती. बाहेर जायचं तर पास लागायचा, आणि हजेरी.

परवा फ्रेंच वसाहतींतल्या गुलामांचा १६८५ चा कायदा वाचत होते. मालकाने तक्रार दिल्यापासून महिनाभर गुलाम पळालेलाच राहिला, तर त्याचे कान कापायचे आणि खांद्यावर लिलीच्या फुलाचा डाग द्यायचा. पुन्हा पळाला तर गुडघ्यामागची शीर तोडायची. तिसऱ्यांदा मृत्युदंड.

एवढं वाचूनही मी सावरले होते. मग त्याच वसाहतींबद्दल पुढे वाचताना ‘एपाव’ हा फ्रेंच शब्द आला. त्याचा अर्थ समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली बेवारस वस्तू. पकडलेल्या गुलामाला न्यायला मालक आलाच नाही, तर तो एपाव. त्याला तुरुंगात ठेवायचं, मग लिलाव, आणि पैसे राजाच्या खजिन्यात. आपल्याकडे कोंडवाड्यातल्या मोकाट जनावराचं करतात ना, अगदी तसंच. अरे, मालक नाही म्हणजे तो मोकळा झाला, हे कुणाच्या मनातच येऊ नये? माझ्या पोटात कालवलं.

आज्जीला कुणी विकलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे मला कळतं. पण तो शब्द वाचला आणि तीच डोळ्यांसमोर आली. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून गुन्हेगार जमाती कायदा उठला. त्यानंतरही कितीतरी वर्षं दिवेलागणीला ती हातातली भाकरी तव्यावर तशीच टाकून उंबऱ्यात येऊन उभी राहायची, पदर सावरून, नाव पुकारतील म्हणून.