गोगलगाय कुठल्या रकान्यात?

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो. एमएस्सीला माझा प्रोजेक्ट त्या पोटावरच निघाला. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीच्या आसपास कॅडमियमसारखे विषारी जड धातू मातीत आणि पानांत उतरतात का, हे तिथल्याच गोगलगायींना विचारायचं. तुलनेला पन्हाळ्याकडच्या एका शेताचा बांध.

गोगलगाय फार लांब जात नाही, त्यामुळं ती त्याच जागेचं सांगते. माती, पाला खाऊन आलेलं कॅडमियम तिच्या पाचकग्रंथीत एका प्रथिनाला बांधून पडतं आणि लवकर बाहेर जात नाही. परदेशात पिंजऱ्यात गोगलगायी ठेवून 28 दिवसांनी तपासायची रीत आहे, 2021 मध्ये त्याचं आयएसओ म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकही आलं. माझ्याकडं पिंजरे नव्हते. जुलैत पाऊस उघडल्यावर पहाटे टॉर्च घेऊन गेलो आणि भिंतींवरच्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी उचलल्या. 24 नग. 48 तास उपाशी ठेवल्या, नाहीतर आतड्यातली मातीच मोजली जाते. मग फ्रीझर, चिरफाड, ओव्हन. हे सगळं आठवड्यात उरकलं.

अडकलं ते तपासणीच्या फॉर्मवर.

धातू मोजायचं यंत्र आमच्याकडं बंद, म्हणून एका प्रयोगशाळेत गेलो. खिडकीतल्या काकांनी फॉर्म दिला. ‘नमुन्याचा प्रकार’ या रकान्यात चारच पर्याय: पाणी, माती, खत, अन्नपदार्थ.

“काका, गोगलगाय आहे.”

“काय ओ?”

डबी उघडून दाखवली. तपकिरी भुकटी, वास सुकटीचा. काकांनी खुर्ची मागं सरकवली. “प्राणी असला तर विभागप्रमुखांचं पत्र लागतंय.” पत्र आणलं. “यावर जावक क्रमांक कुठाय?” जावक क्रमांक घेऊन आलो, तर साहेब रजेवर. पुढच्या सोमवारी साहेब म्हणाले, अन्नपदार्थ लिहा. अन्नपदार्थाच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, “हे कोण खातंय?” आणि फॉर्म परत. मधे एका रात्री आमच्याकडं लाइट गेली, फ्रीझरमधल्या न चिरलेल्या जादाच्या गोगलगायी बर्फ सुटून सडल्या, आणि तो वास चार दिवस शिपाईमामांनी माझ्या नावानं सगळ्यांना सांगितला. तीन आठवडे गेले. ज्या प्राण्याला आपण संथ म्हणतो त्याच्यापुढं मला खरंच लाज वाटायला लागली.

शेवटी सिनियर म्हणाला, “भावा, भुकटी कशाला देतोयस? विरघळवून दे.” डोक्यात लख्ख पडलं. फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढणारं कपाट) प्रत्येक नमुना नायट्रिक ॲसिडमध्ये शिजवला, गाळला, 50 मिली केला. स्वच्छ, फिकट पिवळं पाणी. ते घेऊन खिडकीशी गेलो. काकांनी बाटली उजेडाला धरली, फॉर्मवर टिक केली, पावती फाडली. दहा मिनिटं. पावतीवर लिहिलं होतं: ‘सांडपाणी, 48 बाटल्या.’ (ग्रंथी आणि पाय वेगळे, म्हणून दुप्पट.) ती पावती मी अजून जपून ठेवलीय.

कोणी करणार असेल तर: सुकं वजन वहीत लिहूनच ॲसिड ओता. रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतो, वजन नसेल तर प्रति किलो काढता येत नाही. नुसत्या ॲसिडच्या दोन-तीन बाटल्याही द्या, म्हणजे ॲसिडमधूनच किती धातू आला ते कळतं. मी त्या विसरलो आणि पुन्हा त्याच खिडकीवर गेलो. या खेपेला काका स्वतःच म्हणाले, “सांडपाणी ना?”

आणि हो, सगळ्यात आधी सांगायचं राहिलं. गोगलगायी उघड्या हातानं उचलू नका, आफ्रिकन गोगलगायीत मेंदूपर्यंत जाणारा जंत असू शकतो. हातमोजे घाला. उन्हाळ्यात हे काम काढूच नका, तोंडावर पडदा ओढून त्या निजलेल्या असतात.