तर्रीचं पोटात काय होतं?

"सर, सकाळी तर्री-पोहे खाल्ले का दुपारपर्यंत भूकच नाही लागत. तिखट पचायला जड असते काय जी?"

नागपुरात शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो, तरी पोह्यांच्या ठेल्यावर उभा राहिलो की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

तिखटाचं नातं जळजळीशी. जडपणाला मुख्यतः जबाबदार आहे तो तर्रीवरचा, म्हणजे चण्यांच्या झणझणीत रश्श्यावरचा, लाल तेलाचा थर.

पोह्यांचं सोपं आहे. ते म्हणजे स्टार्च, आणि त्याचं पचन तोंडातच सुरू होतं. तर्री न घालता एक घास बराच वेळ चावत राहा, गोडसर लागेल. लाळेतल्या अमायलेज नावाच्या विकराने (एन्झाइमने) स्टार्च तोडून माल्टोज केलेलं असतं. जठराच्या आम्लात हे काम थांबतं, लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज ते पुढे नेतं आणि शेवटी ग्लुकोज रक्तात. चण्यातल्या प्रथिनांवर जठरातच पेप्सिन तुटून पडतं. ते स्रवतं मात्र निष्क्रिय रूपात, नाहीतर आपल्याच पेशी खाईल! पुढे आतड्यात ट्रिप्सिन वगैरे मंडळी प्रथिनांची अमिनो आम्लं करतात.

आता तेल. ठेल्यावरच्या बादलीतल्या नुसत्या पाण्याने तर्रीची बोटं कधी स्वच्छ झालीत? साबण लागतो. आतड्यात साबणाचं काम पित्त करतं. ते यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि तेलाचे बारीक थेंब करून देतं. ते थेंब तोडतं लायपेज नावाचं विकर. (सुरुवातीला मी वर्गात 'पित्त मेद पचवतं' असं बिनधास्त सांगायचो. पित्तात पाचक विकर नसतंच, हे एका मुलीने पुस्तक पुढ्यात ठेवून दाखवलं.) या कामाला वेळ लागतो. म्हणून मेद लहान आतड्यात उतरला की आतड्याचं अस्तर कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सोडतं. त्याने पित्ताशय आकुंचन पावतं आणि जठराला निरोप जातो: हळू सोड. मग तेलासोबत पोहे, चणे सगळेच जठरात रेंगाळतात. तुमचा जडपणा तो हाच. पचलेला मेद जातोही आडवाटेने: बहुतेक सगळा थेट रक्तात न जाता लसिका नावाचा द्रव नेणाऱ्या लसिकावाहिन्यांतून वर चढतो आणि डाव्या बाजूला मानेच्या तळाशी शिरेत उतरतो.

आणि संध्याकाळचा गॅस? तो चण्यांचा. त्यांतल्या रॅफिनोजसारख्या शर्करा तोडणारं विकर आपल्याकडे नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. चणे भिजवलेलं पाणी फेकलं तर थोडा फरक पडतो.

"मंग तर्री सोडू काय?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. मी सोडलेली नाही. दुसऱ्यांदा घेताना फक्त "खालून दे" म्हणतो. ठेलेवाला मान डोलावतो आणि पळी वरूनच फिरवतो.