वही कशाला?

ठाण्यातल्या माझ्या गिटारच्या क्लासला मुलांना सोडायला आलेले आईबाबा हमखास विचारतात, "मॅडम, स्पर्धेसाठी दोन गाणी पक्की बसवून घ्या ना. दर आठवड्याला वही कशाला मागता? अकरा-बारा वर्षांची पोरं काय गाणी लिहिणार?" दारात उभ्याउभ्या नीट सांगता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय.

तुमच्या मुलींच्या तोंडी जिचं नाव सतत असतं, त्या अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टचंच घ्या. स्टेडियम भरवणारी नाही, पेनसिल्व्हेनियातली अकरा वर्षांची. ती आईबरोबर नॅशव्हिलला, अमेरिकेतल्या कंट्री म्हणजे तिथल्या लोकसंगीतातून आलेल्या गाण्यांच्या माहेरघरी, गेली आणि कराओकेवर गायलेल्या दुसऱ्यांच्या गाण्यांची सीडी कंपन्यांच्या दारोदार देत फिरली. कुणीच घेतली नाही. छान बसवलेली गाणी गाणाऱ्या मुली त्या शहरात कमी नव्हत्याच.

बाराव्या वर्षी तिने गिटार हातात घेतली आणि लिहायला लागली. शाळेतल्या मुली बाजूला टाकतात, एकटं वाटतं, हेच. पुढे एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीने तिला करारात घेतलं, पण तिची गाणी बाहेर काढायला त्यांना थांबायचं होतं. आपल्या वयाची गाणी त्या वयातच लोकांपुढे यावीत म्हणून ती तिथून बाहेर पडली. ही गोष्ट मला तिच्या सगळ्या बक्षिसांहून मोठी वाटते. चौदा वर्षांची मुलगी होती ती! त्याच वयात सोनीच्या, गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशन कंपनीने तिला गीतकार म्हणून घेतलं. २००४ मध्ये सगळं घर नॅशव्हिलजवळ राहायला आलं. घरची परिस्थिती चांगली होती म्हणून हे जमलं, तेही सांगायला हवं.

मग दिवसा शाळा आणि मंगळवारी दुपारी लिझ रोझ या अनुभवी गीतकार बाईंबरोबर बैठक. टेलर शाळेत घडलेलं सांगायची आणि त्यातूनच गाणं निघायचं. आपण फक्त संपादकाचं काम केलं, असं लिझ रोझ स्वतः म्हणतात. वर्गात मी एवढंच करू पाहते. मुलाची ओळ पुसून माझी चांगली ओळ लिहायचा मोह होतो, तो आवरते.

२४ ऑक्टोबर २००६ ला पहिला अल्बम आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. अकरा गाणी, प्रत्येकाच्या लेखनात तिचं नाव, तीन तर एकटीची. त्यातलं एक नववीत शाळेच्या कार्यक्रमासाठी लिहिलेलं, आपल्या गॅदरिंगसारखंच. डिसेंबर २००७ मध्ये तेच अमेरिकेच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. पुढे २०१९ मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमची मूळ रेकॉर्डिंग्ज दुसऱ्याला विकली गेली. पण गाणी तिने लिहिलेली होती, म्हणून २०२१ पासून तीच पुन्हा रेकॉर्ड करून ती लोकांपुढे आणू शकली.

तुमची मुलं टेलर स्विफ्ट होतील असं मी म्हणत नाही. स्पर्धेची गाणीही बसवून घेईन, काळजी करू नका. पण गेल्या शनिवारी एका मुलीने चार ओळी आणल्या: बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे, म्हणून आजी तीन आठवडे खाली उतरलेली नाही. जी आणि सी, दोनच कॉर्ड येतात तिला. त्यांवर तिने त्या चारही ओळी गायल्या, आणि पुढच्या बॅचची मुलं दारातच थांबून ऐकत राहिली.