विसरभोळेपणा कितव्या वर्षी वाढतो?

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण पंचविशीतला मुलगा जितक्या सहज म्हणतो, तितक्या सहज सत्तरीतली बाई म्हणत नाही. म्हातारपणाबद्दल कोणाला काय वाटतं हे नीट कळायला हवं असेल, तर प्रश्नही नीट विचारावा लागतो.

बर्लिनच्या युटा हेकहाउझेन, रॉजर डिक्सन आणि पॉल बाल्टेस या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाची पद्धत मला फार आवडते. तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध अशा तीन गटांपुढे त्यांनी शंभरावर गुणविशेष ठेवले आणि विचारलं: हा कितव्या वर्षी वाढायला लागतो, कधी थांबतो? तो हवासा आहे का? माणसाच्या हातात किती? तिन्ही गटांची उत्तरं बऱ्यापैकी जुळली. त्यांच्या मते वय वाढेल तसं गमावणं वाढतं, पण कमावण्यापेक्षा गमावणं जास्त होतं ते ऐंशीच्या सुमाराला, म्हणजे आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन होतं तेव्हा. शहाणपण आणि भारदस्तपणा उतारवयातही वाढतात, असं लोकांनी सांगितलं. फरक एवढाच की वयस्कर माणसांना जास्त गोष्टी बदलताना दिसत होत्या. तरुणांचं चित्र त्यामानाने ढोबळ.

घरी हे करून पाहता येतं. पंधरा-वीस चिठ्ठ्या करा, एका चिठ्ठीवर एकच गुण: चिकाटी, विसरभोळेपणा, कुतूहल, हट्टीपणा, समजूतदारपणा. बरे-वाईट साधारण निम्मेनिम्मे ठेवा. नुसत्या वाईट चिठ्ठ्या असल्या की उत्तरंही रडकी येतात. प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा, कारण आजीसमोर नातू 'हट्टीपणा सत्तरीत वाढतो' असं कधीच म्हणणार नाही. 'म्हातारी माणसं' हा शब्द टाळा, आकडाच मागा. 'लोकांचं काय होतं' आणि 'तुमचं काय होईल' हे प्रश्न एकाच बैठकीत घेऊ नका. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात झिरपतं.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते. आजचा पंचविशीतला आणि आजचा पंचाहत्तरीतला यांची तुलना करून त्या फरकाला 'वय' म्हणायचं. दोघांची शाळा वेगळी, खाणंपिणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेत सिएटलला सुरू केलेल्या अभ्यासात दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासलं, तेव्हा बहुतेक बौद्धिक क्षमतांची ठळक घसरण साठीनंतरच दिसली. वेगवेगळ्या वयाच्या माणसांची एकाच वेळी तुलना केली, तर ती बरीच आधी सुरू झाल्यासारखी वाटत होती.

म्हणून उत्तरांवर तारीख घाला, कागद जपून ठेवा आणि काही वर्षांनी त्याच माणसांना त्याच चिठ्ठ्या पुन्हा द्या.